तीन बोटांचा रोट

१

झुहैरचा कॉम्प्युटर म्हणजे अख्ख्या कासाब्लांकाचं उष्टं होतं. डबा एका बुडालेल्या सायबर कॅफेतला. प्रोसेसर कुठल्याशा ऑफिसनं भंगारात काढलेला. रॅमच्या दोन पट्ट्या, पण सावत्र भावांसारख्या, एक चालू झाली की दुसरी रुसायची. पॉवर सप्लाय तेवढा नवा कोरा. तिथं कंजुषी केलीस तर बाकीचं सगळं जळेल, हे दर्ब घल्लेफच्या जुन्या बाजारात शेंबडं पोरगंही सांगतं.

राहिलं होतं ग्राफिक कार्ड. गेममधली चित्रं तेच काढतं. ते नसेल तर बाकी सगळं म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. झुहैरनं त्यासाठी दोन उन्हाळे समुद्रावर लोकांच्या छत्र्या रोवल्या होत्या.

त्या बाजारात पत्र्याच्या टपरीत बसलेल्या शर्कावीनं त्याला मोठ्या कार्डाला हातच लावू दिला नाही.

"प्रोसेसर म्हातारा आहे तुझा," शर्कावी म्हणाला. "त्याला तगडं कार्ड लावलंस तर आजोबांना घोड्यामागं पळवल्यासारखं होईल. हे घे. छोटं आहे, एक पंखा आहे, वीज कमी खातं. जोडी जमते."

जोडी आठवडाभर जमली. मग स्क्रीनवर हिरव्या रेघा आल्या, आणि काळं झालं ते झालंच.

"विकलेलं परत घेत नाही," शर्कावी चहात पुदिना बुडवत म्हणाला.

"तुम्हीच म्हणालात ना जोडी जमते म्हणून?"

"जमली होती की. संसार टिकला नाही, त्याला मी काय करू? मी लग्न लावणारा." मग पोराचं तोंड बघून जरा नरमला. "आतलं कथील तडकलं असणार. पंखा काढ, वरचं लोखंड काढ, नुसती चिपांची पाटी ओव्हनमध्ये भाज. कथील वितळून पुन्हा धरतं. पण एक सांगतो, भाजलेलं कार्ड फार जगत नाही. उसनं आयुष्य असतं ते."

झुहैरच्या घरी ओव्हन नव्हता. एक गॅसचा सिलिंडर, वर एक शेगडी. गल्लीत कुणाच्याच घरी ओव्हन नव्हता, कारण गल्लीच्या टोकाला बा जिलालीची भट्टी होती.

२

गल्लीतल्या बायका घरी पीठ मळतात, रोट थापतात, लाकडी फळीवर मांडून वर फडकं टाकतात. फळी भट्टीवर न्यायचं काम पोरांचं. कुणाचा रोट कुठला हे बा जिलालीला खुणेवरून कळतं. कुणी काट्यानं टोचतं, कुणी चिमटा काढतं. वरच्या मजल्यावरची लाल्ला घिता, लाल्ला म्हणजे मानाची बाई, मधोमध तीन बोटं दाबायची.

लाल्ला घिताची फळी झुहैरकडे होती. तो एवढासा होता तेव्हापासून. ती उरलेल्या पिठाचा एक चिमुकला रोट त्याच्यासाठी थापायची, फळी वाहणाऱ्याचा हक्क म्हणून. त्याच्या मिशा फुटायला लागल्या तरी थापायची. एकदा त्यानं फडक्याखाली रबरी बेडूक ठेवला होता. फडकं उचलल्यावर ती इतकी हसली की जिन्यात बसून राहिली, आणि मग ओढणीला डोळे पुसत म्हणाली, "मेल्या, मला वाटलं माझ्या रोटाला पाय फुटले."

म्हणून त्याला हेही बेडकासारखंच वाटलं. तसंच वाटून घेतलं त्यानं.

जिन्याच्या वळणावर, जिथं दिवसाही अंधारं असतं, तिथं त्यानं फळी टेकवली. चांदीच्या कागदात गुंडाळलेली कार्डाची पाटी खिशातून काढली. लाल्ला घिताचा सगळ्यात मोठा रोट घेतला, कडेनं फाडला, पाटी आत सारली आणि पीठ परत मिटवलं. या भानगडीत तिची खूण पुसली गेली. मग त्यानं स्वतःची तीन बोटं मधोमध दाबली.

इंटरनेटवर त्यानं सगळं वाचलं होतं. खाली लाल अक्षरात लिहिलं होतं की अशी पाटी भाजली की त्यातून विषारी वाफ येते, त्या ओव्हनमध्ये पुन्हा अन्न करू नका. ते वाचून त्यानं बोटानं पान पुढं सरकवलं होतं.

"आज घिताचा हात जड झालाय," बा जिलाली रोट फावड्यावर घेत म्हणाला. "केवढा जाड थापलाय."

"म्हातारी झाली ना आता," झुहैर म्हणाला. आणि तो हसलासुद्धा.

३

भाजलेला रोट त्यानं भट्टीमागच्या बोळात फोडला. कागद काळवंडला होता, आत पाटी शाबूत. राहिली रोटाची दोन टरफलं. ती कचऱ्यात टाकायची त्याची छाती झाली नाही. अन्न आहे. पायाखाली पडलेला तुकडासुद्धा उचलून, ओठांना लावून उंचावर ठेवतात, त्याला हेच शिकवलं होतं. त्यानं टरफलं एकावर एक ठेवली, ओठांना लावली आणि बोळाच्या भिंतीवर, उंच, ठेवून दिली. कुणी गरजू नेईल नाहीतर कबुतरं खातील. एवढं केल्यावर त्याला बरंच हलकं वाटलं.

लाल्ला घिताला सांगितलं, "एक रोट बा जिलालीनं जाळला."

"असू दे," ती म्हणाली. "बिचाऱ्याचे डोळे गेलेत. तू त्याला बोलला नाहीस ना काही?" आणि तिनं चिमुकला रोट त्याच्या हातात ठेवला.

दुपारी त्यानं पाटीवर पुन्हा लोखंड बसवलं, पंखा बसवला, कार्ड डब्यात खोचलं, बटण दाबलं. स्क्रीन उजळली. आधी कधी नव्हती एवढी उजळली. गेममधल्या भिंतीवरचा पोपडा दिसत होता, माणसाच्या मानेवरचा घाम दिसत होता. झुहैर खुर्चीवरच नाचला.

कार्ड बसवताना एक गोष्ट दिसली होती, ती त्यानं तेव्हा मनावर घेतली नाही. पाटीच्या मागच्या बाजूला तीन उथळ खड्डे होते. उष्णतेनं पाटी वाकली असेल, वर आपण बोटं दाबलेली, तेच उठलं असेल. त्यानं आपली तीन बोटं त्यात ठेवून पाहिली.

मावली नाहीत. खड्डे बारीक बोटांचे होते.

४

गेम रंगात आला की डब्यातून भाजक्या रोटाचा वास यायचा. झुहैरला तो आवडायचा. पंखा मात्र विचित्र फिरायचा. घूं करून एकसारखा नाही. जरा चढायचा, थांबायचा, उतरायचा. पुन्हा चढायचा. त्यानं तेल घातलं, स्क्रू आवळले, वेग ठरवून दिला. पंख्यानं ऐकलं नाही.

त्याच आठवड्यात लाल्ला घिता आजारी पडली.

"ताप आहे, पण कसा आहे ते कळत नाही," त्याची आई वाटाणे सोलत म्हणाली. "सकाळी बरी असते. तू शाळेतून येतोस ना, त्या सुमाराला चढतो. संध्याकाळी जेवायच्या वेळी उतरतो. नाइमा म्हणते, छातीत भट्टी पेटल्यासारखं होतं तिला."

नाइमा म्हणजे लाल्ला घिताची मुलगी. झुहैर तिला खाल्ती म्हणायचा, मावशी.

"काही खाल्लं असेल बाहेरचं," तो म्हणाला.

"ती कुठलं बाहेरचं खाते? हां, एक गंमत झाली. भट्टीमागच्या बोळात तिला भिंतीवर रोट सापडला. वर तिचीच खूण. म्हणाली, माझ्या हातचं अन्न भिंतीवर रडत बसलेलं मला बघवेना. उचलला, मुका घेतला, घरी आणला आणि दुधात बुडवून सगळा खाल्ला. मी म्हटलं, अगं फेकलेला असेल कुणी. तर म्हणते कशी, फेकला असता तर खाली असता. ज्यानं ठेवला त्यानं प्रेमानं ठेवलाय." आईनं मान वर केली. "तुला काय झालं? घाम का आलाय?"

"मिरची लागली."

"वाटाण्यात कुठली मिरची?"

तो उठून मोरीत गेला आणि नळ सोडून उभा राहिला. सांगायला हवं होतं. डॉक्टरला कळायला हवं होतं की म्हातारीच्या पोटात काय गेलंय. दोन वाक्यांचं काम. त्यानं ती वाक्यं आरशासमोर म्हणूनही पाहिली. दुसऱ्या वाक्यात कुठलाही शब्द घातला तरी तो स्वतःच उभा राहत होता, फाडलेला रोट हातात धरून.

मग आई बाहेरून म्हणाली, "रक्त तपासलं म्हणे तिचं. विष नाही, जंतू नाहीत, काही नाही. डॉक्टर म्हणतो, वय."

झुहैरनं नळ बंद केला. त्याला सुटल्यासारखं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं म्हणून त्याला स्वतःची शिसारी आली. आणि शिसारी आली तरी तो जाऊन खेळायला बसला.

५

हरीरा सूपचा वाडगा घेऊन त्याला आईनंच वर पाठवलं. ऊन अजून खिडकीत होतं. लाल्ला घिता भिंतीकडच्या बैठकीवर निजली होती, डोळे उघडे, पण खोलीत काय आहे ते तिला दिसत नव्हतं. नाइमा उशाशी बसून तिचं कपाळ पुसत होती.

"बरळते सारखी," नाइमा हळूच म्हणाली. "बस रे. तुला बघून बरं वाटेल तिला."

झुहैर दारातच बसला. त्याला आधी श्वास ऐकू आला. जरा चढायचा, थांबायचा, उतरायचा.

"पिवळं दार होतं," लाल्ला घिता म्हणाली. आवाज तिचाच, पण दमलेला. "दारामागं दोघं जण लपलेले. मी ओरडले, जाऊ नको. तो गेलाच. दोघांना मारलं. एक जण पडल्यावरही मारलं, हसत हसत, पुन्हा पुन्हा."

"कोण गं यम्मा? कोण?" नाइमानं विचारलं, आणि झुहैरकडे वळून म्हणाली, "रोज हेच. मशिदीतला फकीह येऊन दुवा वाचून गेला. तो म्हणतो, जिन्न दाखवतायत तिला. बाई आयुष्यात कोंबडी कापताना तोंड फिरवायची, आणि आता दिवसभर हेच बघते."

पिवळं दार त्याला माहीत होतं. त्या दारामागचे दोघंही. तासाभरापूर्वीची गोष्ट. पडलेल्या माणसावर गोळ्या त्यानं मित्रांना हसवायला झाडल्या होत्या.

योगायोग, त्यानं स्वतःला सांगितलं. खालचा आवाज वर येत असेल. घराच्या मधोमध उजेडासाठी वरपासून खालपर्यंत सोडलेली मोकळी जागा, तो उजेडाचा खांब, त्यातून सगळ्या मजल्यांचे आवाज एक होतात. तिनं गोळ्या ऐकल्या असतील, झालं. पण दार पिवळं आहे हे कानाला कसं कळणार?

"त्याचे हात दिसतात फक्त," लाल्ला घिता म्हणाली. "तोंड दिसत नाही. पण आपल्यातलंच पोरगं आहे ते, नाइमा. ओळखीचं वाटतं. कुणाचं तरी चांगलं पोरगं आहे, त्याला कुणीतरी सांगा."

झुहैर वाडगा ठेवून खाली पळाला. जिन्यात त्याला एकेक करून आठवायला लागलं, गेल्या काही दिवसांत त्या स्क्रीनवर आपण आणखी काय काय उघडलं होतं. कान तापले. तो जिन्याच्या वळणावर भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला, आणि मग ध्यानात आलं की फळी टेकवली होती ती जागा हीच.

६

खोलीत आल्याबरोबर त्यानं दार लावलं. कॉम्प्युटर चालूच होता. कार्ड पुन्हा रुसेल या भीतीनं गेले काही दिवस त्यानं तो बंदच केला नव्हता. गेम थांबलेला, पंखा चढत-उतरत होता. डब्याच्या काचेला हात लावला. कोमट. मशीन गरम होतं तसं नव्हतं ते. कुणाच्या कपाळाला हात लावावा तसं.

त्यानं बटण दाबून धरलं. स्क्रीन काळी झाली. पंखा थांबला.

उजेडाच्या खांबातून वरून आवाज आला, स्पष्ट, घाबरलेला. "दिवा कुणी घालवला? नाइमा! दिवा कुणी घालवला?"

"यम्मा, दिवस आहे. ऊन आलंय बघ तुझ्या अंगावर."

"नाही गं. अंधार. सगळा अंधार. मला खाली कुठंतरी ठेवलंय." मग खाकरल्यासारखा आवाज, आणि मग नाइमाची किंकाळी, "यम्मा, श्वास घे! श्वास घे!"

झुहैरनं बटण दाबलं. बोट घसरलं, पुन्हा दाबलं. डब्यात दिवा लागला. पंखा अडला, थरथरला, आणि एकदम लांब ओढून घेतल्यासारखा फिरला.

वर कुणीतरी तसाच लांब श्वास घेतला.

तो खुर्चीवर बसून राहिला. त्याला खूप कारणं सुचली. एकही त्याच्या हाताला पटलं नाही. हात बटणापासून लांब, मांडीखाली दाबून ठेवलेला होता.

७

त्यानंतर झुहैरनं कॉम्प्युटर पुन्हा बंद केला नाही. मित्रांना सांगितलं, मला कंटाळा आला. ते म्हणाले, हरायला भितोस. त्यानं ऐकून घेतलं. आई विजेवरून ओरडली तर म्हणाला, शाळेचं काम आहे. पुस्तकं कुठं ठेवलीत तेही त्याला माहीत नव्हतं.

बंदुकांचे गेम त्यानं पुसून टाकले. शेतातून नुसतं चालायचं असा एक गेम आणला. शाळेतून आलं की तिथं चालायचा. हळू. ओढा आला की थांबायचा. वळताना धक्का बसू नये म्हणून माऊस दोन्ही हातांनी धरायचा, लोणी धरावं तसा. लाल्ला घिता डोंगरातल्या गावची, हे त्याला माहीत होतं, म्हणून डोंगरावर न्यायचा. बदामाच्या झाडांचे फोटो शोधून मोठे करून ठेवायचा.

"आज हसली," आई सांगायची. "म्हणाली, पोरगं सुधारलं. कुठलं पोरगं कोण जाणे."

ताप चढेनासा झाला. ती उठून बसायला लागली, सूप प्यायला लागली. झुहैरला वाटलं, असंच चालू राहील. कुणाला काही सांगायला नको. नुसतं चालत राहायचं. एवढी शिक्षा पुरे आहे.

मग एका दुपारी आकाशात एक निळा चौकोन दिसला. मग हिरवा. ओढ्यात लाल. चौकोन वाढत गेले, थरथरत, एकमेकांना चिकटत. त्यांच्यामधून पहिली हिरवी रेघ उतरली.

"नाइमा," खांबातून आवाज आला, "भिंतीवर फरशा कुणी लावल्या? निळ्या, हिरव्या. डोंगर झाकले बघ सगळे."

उसनं आयुष्य असतं ते, शर्कावी म्हणाला होता. झुहैर बाजारात धावला. शर्कावीनं त्याचं ऐकून घेतलं, अर्थात त्यानं अर्धंच सांगितलं.

"नवं कार्ड घे की. ते फेक."

"हेच हवंय."

"वेडा आहेस. मग पुन्हा भाज. दुसरं औषध नाही. एकदा धरलं तर धरलं."

८

तो परतला तेव्हा खाल्ती नाइमा त्याच्या दारात उभी होती. हातात लाकडी फळी, वर फडकं.

"ऐकत नाही रे," ती म्हणाली. "उठता येत नाही, पण म्हणाली, पीठ इथं आण. मांडीवर परात घेऊन मळलं. काय थापलंय तिचं तिलाच माहीत. मला बघूही दिलं नाही. म्हणाली, झुहैरकडेच दे." तिनं फळी त्याच्या हातात दिली. "आणि एक निरोप आहे. बरळणंच आहे, पण सांग म्हणाली म्हणून सांगते. म्हणाली, त्याला सांग, भाजून होईपर्यंत मी अंधारात बसते. पण लवकर ये म्हणावं. आणि बेडकासारखं हसू येत नाही या वेळी."

झुहैरला मान वर करता आली नाही. ती काहीतरी विचारणार होती. त्यानं दार लोटून घेतलं.

फडक्याखाली एक लांबट रोट होता. गोल नाही, लांबट. मधे लांब, बेतशीर खळगा ठेवलेला, आणि शेजारी वर झाकायला पातळ पोळी. कार्डाची पाटी त्यानं लाल्ला घिताला कधी दाखवली नव्हती. पोळीवर तीन बोटं दाबलेली होती. कडेला त्याच्यासाठी चिमुकला रोट होता. तो नेहमीएवढाच होता.

त्यानं फडकं पुन्हा वर घातलं. मग स्क्रीनकडे बघून म्हणाला, "लाल्ला, मी बंद करतोय. माफ करा." आपला आवाज त्याला चोरट्यासारखा वाटला. त्यानं बटण दाबलं.

वरून या वेळी आवाज आला नाही.

पंखा काढताना बोटं कापली. पाटी खळग्यात ठेवली, ती अशी बसली की जणू तिथूनच काढली होती. पोळी वर घातली, कडा मिटवल्या. फळी खांद्यावर घेऊन तो जिना उतरला. गल्लीत उन्हं तिरपी झाली होती, पोरं चेंडू खेळत होती, कुणीतरी हाक मारली. बोळाच्या भिंतीजवळून जाताना त्यानं तिकडे पाहिलं नाही. खांद्यावर फळी हलत होती. त्याच्या चालण्यानं हलत असेल. तो थांबला. फडकं जरा चढलं, थांबलं, उतरलं.

भट्टीवर बायकांची गर्दी होती. बा जिलालीनं फडकं उचललं, बोटांची खूण चाचपली.

"घिता उठली वाटतं. शाबास." मग त्यानं हात मागं घेतला. "पण हे पीठ ऊन का लागतंय रे?"

भट्टीचं तोंड उघडं होतं. आत लाल उजेड धगधगत होता, आणि तेव्हा, फक्त तेव्हा, झुहैरच्या डोक्यात आलं की पहिल्या वेळी पाटी नुसती पाटी होती. आता तिच्या आत कुणीतरी बघत होतं. तो लाल्ला घिताला अंधारात नाही, आगीत ठेवायला निघाला होता.

"बा जिलाली, थांबा जरा."

"थांबा कशाला? मागं रांग आहे."

"यात..." त्यानं तोंड उघडलं. सगळ्या बायका बघत होत्या. त्यातली एक नाइमाची शेजारीण, एक त्याच्या आईची मैत्रीण. रोट टाकला तर काय होईल आणि नाही टाकला तर काय होईल, ही दोन्ही वाक्यं त्याच्या घशात एकदमच आली आणि एकमेकांत अडकली.

"यात काय? बोल की. बेडूक आहे का?" बा जिलाली म्हणाला, आणि बायका हसल्या.

झुहैरही हसला. सवयीनं हसला.

फावडं आत गेलं. आगीच्या उजेडात त्याला तो रोट दिसला, एकटा, लांबट. त्यावरची तीन बोटं हळूच वाकली आणि पिठाला घट्ट धरून राहिली.

बा जिलालीनं भट्टीचं झाकण लावलं.

"भाजेपर्यंत बस तिकडे," तो म्हणाला. "आणि तो छोटा हातात धर, पुढच्या फेरीत भाजू. तुझ्यासाठीच पाठवलाय ना?"

झुहैर पायरीवर बसला. चिमुकला रोट अजून कच्चा होता. तो त्यानं दोन्ही हातांत धरला आणि श्वास रोखून ऐकत राहिला. झाकणामागून काही येत नव्हतं. गल्लीच्या त्या टोकाला, घराच्या बाजूनं, पहिल्यांदा एक बाई ओरडली, "यम्मा!"